चंद्राबाईची लाथ

चंद्राबाई आईच्या पोटातून पायांनी बाहेर आली. म्हणजे पायाळू. जत तालुक्यातल्या तिच्या माहेरच्या गावात पायाळू पोर जन्मलं की म्हाताऱ्या माणसांना बरं वाटायचं, कारण उसण भरलेल्या पाठीला पायाळूचा पाय लागला की दुखणं पळतं अशी समजूत. चंद्राला धड उभं राहता येत नव्हतं तेव्हापासून बाया तिला कडेवर घेऊन न्यायच्या आणि पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर उभी करायच्या. वाढली तसं तिनं आपलं एक वळण बसवलं. डाव्या पायाचा तळवा दुखऱ्या जागी अलगद टेकायचा, तिथं ऊब येईपर्यंत ठेवायचा आणि उचलायचा. लोक त्याला लाथ म्हणत. पण लाथ म्हणावी अशी लाथ तिनं कधी कुणाला घातली नव्हती.

लग्न होऊन ती आष्ट्याजवळ नदीकाठच्या मळ्यात आली. जोंधळ्याच्या आणि मेंढरांच्या माळावरची पोरगी बारमाही पाण्यात पडली म्हणून बाप खूश होता. नवरा केरबा उंच, तालमीत अंग कमावलेला, ऊसवाला गडी. राग आला की त्याला बोलणं सुचायच्या आधी हात सुचायचा. बैल अडला तर बैलाला, गडी चुकला तर गड्याला.

लग्नानंतरच्या पहिल्याच सुगीत शेजारचा एक म्हातारा कंबर धरून दारात आला. चंद्राबाईनं नेहमीसारखा पाय टेकला, म्हातारा आशीर्वाद देत गेला. केरबा मळ्यातून आला तेव्हा त्याला ही बातमी वाटेतच कळली होती. परक्या पुरुषाच्या अंगाला पाय लावतीस काय, म्हणत त्यानं खुंटीवरचा आसूड काढला. आसूड पाठीवर पडत होता तेव्हा सासू रंगुबाई चुलीपाशी बसली होती. ती उठली नाही. एवढंच म्हणाली, "केरबा, कवाड लाव. लोकं बघत्यात."

त्यानंतर चंद्राबाई फक्त बायकापोरांना पाय लावायची. तेवढा एक मान तिला त्या वस्तीवर होता. बाकी वर्षांचं सांगण्यासारखं एवढंच, की तिचा एक दात पडला, मनगट एकदा मोडून वाकडं बसलं, आणि विजयमाला नावाची एक मुलगी झाली. मुलगी बापाची चाहूल लागली की कणगीमागं जाऊन बसायला चालायच्या वयातच शिकली.

अठ्ठ्याहत्तर सालचा उन्हाळा फार कडक होता. नदीवरचं ऑइल इंजिन केरबा आणि त्याचा चुलतभाऊ लालासाहेब यांच्यात सामाईक होतं. एक दिवस याची पाळी, एक दिवस त्याची. लालासाहेबाची आडसाली उसाची लागण वाळत चालली होती, म्हणून त्यानं केरबाच्या पाळीला पहाटेच इंजिन सुरू करून पाणी आपल्या सरीत फिरवलं. केरबा इंजिनापाशी गेला. काही विचारलं नाही. इंजिन फिरवायचा लोखंडी हॅन्डेल उचलला आणि लालासाहेबाच्या जबड्यावर घातला. दात पाटाच्या पाण्यात पडले. एवढ्यावर भागलं नाही म्हणून त्यानं त्याला तालमीतल्यासारखा कंबरेवर घेतला, डोक्यापर्यंत उचलला आणि पाटाच्या दगडी काठावर आपटला. आपटताना केरबाच्या स्वतःच्या पाठीत कायतरी कट्‌कन वाजलं. पण अंगात एवढी रग होती की त्यानं तिकडं ध्यान दिलं नाही. सदऱ्यावर भावाचं रक्त घेऊन तो हसत घरी आला, दोन भाकरी खाल्ल्या आणि आडवा झाला. दुपारी उठायला गेला आणि ओरडून खाली बसला.

लालासाहेबाचं प्रकरण भावकीनं ठाण्यापर्यंत जाऊ दिलं नाही. केरबाचं दुखणं मात्र कुणाच्या हातात राहिलं नाही. कंबरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत, पोटरीतून अंगठ्यापर्यंत तापलेल्या तारेसारखी जायची. खोकला आला तरी, शिंक आली तरी. कुशीवर, पालथं, उकिडवं, कसंही बसलं तरी तिला दया नव्हती. असला पैलवान गडी रात्रंदिवस बाजेवर आडवा पडून आईला हाका मारू लागला, आणि कळ जरा ओसरली की हाताला येईल ते फेकू लागला. चंद्राबाई जेवण घेऊन गेली की ताट तोंडावर यायचं. लघवीचं भांडं घेऊन गेली की तेही. वेदनेनं माणूस मऊ होतो असं म्हणतात. केरबा नाही झाला.

वस्तीवरच्या कुणीतरी हरिबाला आणलं. हरिबा गुरांना डाग द्यायचा, माणसांनाही द्यायचा. शिरंत वारं शिरलंय, त्याला बाहेरची वाट द्यायला पाहिजे, असं तो म्हणाला. शेणी पेटवून त्यानं विळ्याचं टोक लाल केलं. चौघांनी केरबाचे हातपाय धरले, दातांत पटक्याचं टोक दिलं. आधी पोटरीवर, मग मांडीवर, मग कंबरेवर. चामडी चर्र करून जळाली, तिचा वास सोप्यात दिवसभर राहिला. पटक्याचं टोक केरबानं दातांनी तोडलं. जखमा चिघळल्या, कळ होती तिथंच राहिली. दुसऱ्या दिवशी चंद्राबाई जखमा धुवायला बसली, तर त्यानं तिचे केस धरून तिचं डोकं बाजेच्या लाकडी चौकटीवर आपटलं.

आणि मग विजयमालेचं झालं. पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेली होती. अंधारात तिचा गुडघा बाजेला लागला. बाज हलली, केरबाच्या पायातून कळ गेली, आणि त्यानं तिच्याच हातातला भरलेला तांब्या हिसकून तिच्या अंगावर हाणला. गळ्यापाशीचं हाड मोडलं. चंद्राबाई धावत आली तेव्हा पोरगी रडतसुद्धा नव्हती, नुसती तोंड उघडं टाकून उभी होती आणि तिचा खांदा खाली आला होता. चंद्राबाईनं लुगड्याची पट्टी फाडून हात गळ्याशी बांधला. केरबा आतून म्हणत होता की बाजंला धक्का मारला, तिला कळत न्हाई का.

दुसऱ्या दिवशी रंगुबाईनंच विषय काढला. घरात पायाळू असताना आपण गावभर काय हिंडतोय, असं तिचं म्हणणं. आजवर ते कुणी तोंडावर आणलं नव्हतं, कारण बायकोचा पाय नवऱ्याच्या अंगाला लागणं म्हणजे पाप. केरबाला तर पापापेक्षा लाज जास्त. बायकूची लाथ खाण्यापरीस मरतो, म्हणाला. पण दुपारपासून कळ अशी सुरू झाली की उन्हं कलायच्या आत तोच म्हणाला, "बोलवा तिला."

बाज अंगणात काढली. गड्यांनी त्याला उचलून पालथा घातला. शेजारपाजारच्या बाया आल्या, बापये बांधावर उभे राहिले. रंगुबाईनं त्याच्या पाठीवर घोंगडं पसरलं, म्हणजे कातडीला कातडी लागायला नको. चंद्राबाई पाय धुऊन आली. पदर खोचला. घोंगड्याखालचा नवऱ्याच्या पाठीचा उंचवटा तिनं पाहिला, आणि मग तिची नजर उंबऱ्यावर गेली. तिथं विजयमाला बांधलेला हात सांभाळत बसली होती, आणि पाहत होती.

"लवकर उरक की, भवाने," केरबा खालून म्हणाला.

चंद्राबाईनं पाय गुडघ्याच्या वर उचलला आणि टाच खाली घातली. सगळं अंग त्या टाचेत उतरवून. केरबा गुरासारखा हंबरला. तिनं पुन्हा घातली. पुन्हा. एक बाई किंचाळली, दोघी पुढं झाल्या, तरी ती घालतच होती. तिच्या घशातून कसलातरी आवाज येत होता, तो आपलाच आहे हे तिला उशिरा कळलं. बायांनी तिला मागं ओढून तुळशीपाशी खाली बसवली. घोंगडं खाली सरकलं होतं. डागांच्या खपल्या फुटून पाठ लाल झाली होती.

सकाळी केरबाला गड्यांनी धरून उभं केलं, तर उजवं पाऊल वर उचलेना. टाच टेकायची, आणि पुढचा भाग फटकन जमिनीवर आपटायचा. वहाण पायात राहीना. तेव्हा मात्र वस्ती घाबरली. साखर कारखान्याची जीप मिरजेकडं जायची होती, तीत त्याला निजवला. सांगलीच्या पुलावर तो म्हणाला, "मी तितं मेलो, तर हिलाच पैली धरायची." चंद्राबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, कारण दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं.

दवाखान्यातल्या सर्जनचं नाव आठल्ये. परदेशातून नुकतेच शिकून आलेले, बारीक अंगाचे, हळू बोलणारे. पाठीवरचे डाग आणि काळेनिळे वळ पाहून त्यांनी विचारलं की हे काय. केरबा म्हणाला, गाडीवरनं पडलो.

"न्हाई," चंद्राबाई म्हणाली. "डाग आमच्यातल्या माणसानं दिलं. लाथा मी घातल्या."

डॉक्टरांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या मनगटाकडं आणि पडलेल्या दाताकडंही पाहिलं असावं. पाठीत सुई घालून, औषध सोडून फोटो काढला, तो उजेडाला धरून दोघांनाही समजावला. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. ती फाटून आतला गर बाहेर आलाय, आणि पायाकडं जाणारी शीर दाराच्या फटीत बोट सापडावं तशी त्याच्याखाली सापडली आहे. शीर मोकळी केली नाही तर पाऊल कायमचं जाईल. मोकळी केली तर कदाचित येईल, कदाचित नाहीही.

चंद्राबाईनं विचारलं, "माझ्या लाथंनं झालं का?"

"गादी आधीच फाटली होती, त्याशिवाय अशी कळ आली नसती," डॉक्टर म्हणाले. "लाथेनं गर आणखी सरकला असेल. न मारतासुद्धा कदाचित सरकला असता. ते मला सांगता येणार नाही. पण बाई, यापुढं कुणाच्या पाठीवर पाय ठेवू नका."

या शस्त्रक्रियेला एरवी वीतभर पाठ उघडतात, स्नायू सोलून बाजूला करतात, हाड कापतात आणि माणूस महिनोन्महिने अंथरुणावर राहतो. आठल्ये दोन बोटांएवढाच छेद घेऊन, दुर्बिणीसारख्या मोठ्या भिंगातून आत बघत हे काम करायला शिकून आले होते. केरबाला ते खरं वाटेना. एवढ्याशा भोकातून काय दिसणार, असं तो सगळ्यांना विचारत होता. आत नेताना त्यानं डॉक्टरांचा हात धरला आणि सांगितलं की पाय न्हाई आला तर तुमचा पाय तोडीन. डॉक्टरांनी आपला हात शांतपणे सोडवून घेतला आणि हात धुवायला गेले.

बाहेरच्या बाकावर चंद्राबाई बसली. तो मेला तर काय आणि जगला तर काय, दोन्हीकडून तिला भीतीच वाटत होती. दार उघडलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काचेची लहान बाटली होती. तीत पांढरट, तंतूतंतूचा एक गोळा होता, करंगळीच्या पेरापेक्षा लहान. नदीतला खेकडा शिजवून नांगी फोडली की आत निघतं, तसं ते मांस दिसत होतं. एवढ्याशा वस्तूनं त्या आडदांड माणसाला लोळवलं होतं, हे तिला खरं वाटेना. तिनं बाटली उलटसुलट करून पाहिली आणि परत दिली.

शुद्धीवर आल्यावर केरबा कितीतरी वेळ हलला नाही. मग त्यानं हळूच खोकून बघितलं. कळ आली नाही. पुन्हा खोकला. मग तो रडायला लागला. बापाच्या मौतीला न रडलेला माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता. चंद्राबाईनं चमच्यानं पेज भरवली, ती त्यानं मुकाट्यानं घेतली. दुसऱ्या दिवशी तो भिंत धरून चालला. पाऊल अजून लोंबत होतं, पण पाठ सरळ होती. आपल्या पायाला तेल लाव, असं त्यानं तिला सांगितलं, आणि सांगताना आवाज चढवला नाही. चंद्राबाईच्या मनात आशा आली. ती आली याचं तिला पुढं फार वाईट वाटलं.

पावसाळाभर केरबा गप्प होता. पायाला पट्टी बांधून मळ्यात जायचा, काठी टेकत यायचा. विजयमालेचं हाड जुळलं, जरा उंचवटा राहिला. दसऱ्याच्या सुमाराला पायाची बोटं वर उचलायला लागली. घरात कुणी ओरडत नव्हतं. रंगुबाई म्हणाली की देवानं आपल्याकडं बघितलं.

पण गाव बघत होतं ते वेगळ्याच कारणानं. आष्ट्याच्या बाजारात लालासाहेब भेटला. पुढचे दात नसल्यानं त्याचं बोलणं वाऱ्यावर जायचं, तरी चारचौघांत त्यानं नीट ऐकू येईल असं विचारलं, "का रं केरबा, बायकूनं आज जेवाय घातलं का लाथ घातली?" हसणारे बरेच होते. केरबा बाजार न करताच परत आला.

आला तो थेट अंगणात. चंद्राबाई शेणानं सारवत होती. त्यानं तिला केसांना धरून अंगणाच्या मधोमध आणली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना नावं घेऊन हाका मारल्या. "त्या दिशी बघाय आला हुता नव्हं? मग आज बी बघा."

त्याच्या पायात नाल मारलेल्या वहाणा होत्या. पहिली लाथ पाठीत बसली, दुसरी पोटात. उजव्या पायानं घालत होता, मुद्दाम. पाऊल आता लोंबत नव्हतं. चंद्राबाई गुडघे पोटाशी घेऊन पडली, शेणाचं पाणी तिच्या तोंडात गेलं. विजयमाला त्याच्या सदऱ्याला लोंबकळली, तिला त्यानं झटकून टाकली. बापये पुन्हा बांधावर उभे होते. नवराबायकोचं भांडण, मध्ये कोण पडणार.

पडली रंगुबाई. कधी घरातून आली ते कुणी पाहिलं नाही. सुनेच्या अंगावर ती आडवी पडली. "घाल," म्हणाली. "मला घाल." तोवर पाय सुटला होता. वहाणेची नाल म्हातारीच्या बरगडीवर बसली, आणि वाळकं चिपाड मोडावं तसा आवाज झाला. तो बांधापर्यंत ऐकू गेला.

केरबा थांबला. आईकडं बघत राहिला. तेव्हा कुठं बापये बांध उतरून आले, सगळ्यात पुढं लालासाहेब. त्यांनी त्याला गाडीच्या चाकाला कासऱ्यानं बांधला आणि मारला. इतक्या वर्षांचा प्रत्येकाचा काही ना काही हिशेब होता. चंद्राबाई सासूचं डोकं धरून बसली होती. तिथून तिला सगळं दिसत होतं. तिनं सोडा म्हटलं नाही.

त्याच मिरजेच्या दवाखान्यात रंगुबाईला ठेवलं. चंद्राबाई लघवीतून रक्त जात असतानाही तिचं सगळं करत राहिली. मेट्रननं तिला आधीच्या खेपेपासून ओळखलं होतं. पाठीच्या ऑपरेशनचे पेशंट अंग पिळू न देता एका दमात कुशीवर वळवायचे असतात, आणि त्याला सवयीच्या हाताची बाई लागते. चंद्राबाईला तिथं आयाचं काम मिळालं. दवाखान्यामागच्या चाळीत एक खोली घेतली आणि विजयमालेला शाळेत घातली.

म्हातारीच्या बरगड्या जुळल्यावर चंद्राबाईनं विचारलं, "आत्याबाई, तुमाला मळ्यात पोचवू का?"

रंगुबाई बोटानं वाकळेचा टाका उसवत राहिली. मग म्हणाली, "तुला मारायचा तवा मी चुलीपाशी बसून ऐकायची. आता तितं जाऊन काय ऐकू?"

ती राहिली. नातीला शाळेत पोचवायची, चूल सांभाळायची. सुनेशी फारसं बोलायची नाही. पण ड्युटीवरून यायला उशीर झाला तर न जेवता बसून राहायची.

पुढच्या वर्षी, उसाचा हंगाम संपल्यावर केरबा आला. खांद्यावर गुळाची ढेप. चाळीच्या दारात उभा राहिला, तेव्हा विजयमाला आत जाऊन कॉटखाली सरकली. चंद्राबाईनं दोन्ही हातांनी चौकट धरली आणि सोडली नाही. केरबा वाळला होता. सैपाकाला माणूस नाही, गडी टिकत नाहीत, असं त्यानं सांगितलं. पाय चांगला झाला असंही सांगितलं. मग म्हणाला, "चल घरला. पुन्यांदा हुयाचं न्हाई."

"मी येत न्हाई," चंद्राबाई म्हणाली.

"आये तरी?"

आत रंगुबाईनं भिंतीकडं तोंड केलं होतं. केरबाची मूठ वळली, तशी शेजारची दोन दारं उघडली आणि बायका बाहेर आल्या. मूठ सुटली. तो तिथंच पायरीवर बसला. गूळ त्यानं चौकटीच्या आत सरकवला.

इतक्या लांबून आलेल्या माणसाला उपाशी धाडायचं तिच्या जिवावर आलं. तिनं भाकरी आणि कोरड्यास वाढून ताट बाहेर पायरीवर ठेवलं आणि दाराला कडी लावली. खिडकीतून तो जेवताना दिसत होता. जेवला, तांब्यातल्या पाण्यानं हात धुतला आणि स्टँडकडं निघाला. चांगला ताठ चालत होता, दोन्ही पावलं सारखी पडत होती. डॉक्टर आठल्यांना सांगितलं तर त्यांना बरं वाटेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

तो वळणापलीकडं गेल्यावर तिनं ताट आत घेतलं, पोरीला कॉटखालून बाहेर काढून तिची वेणी घातली, आणि दुपारपाळीला उशीर झाला होता म्हणून झपाझप दवाखान्याकडं गेली.